औषधी द्रव्यांची खरेदी आणि साठवण : वैद्यांसाठी पुरवठाशास्त्राची मूलतत्त्वे

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद चरकाचार्यांनी सांगितले आहेत. यांतील द्रव्य या दुसऱ्या पादाचा रस, गुण, वीर्य, विपाक आणि प्रभाव यांच्या अंगाने आपण पदवी अभ्यासक्रमात सविस्तर अभ्यास करतो. परंतु तेच द्रव्य रानातून वा शेतातून निघून आपल्या फळीवरील बरणीत कसे येते, वाटेत त्याचे काय होते, ते किती घ्यावे, केव्हा घ्यावे आणि कोणाकडून घ्यावे, हा विषय अभ्यासक्रमात जवळजवळ येतच नाही. चिकित्सालय सुरू केल्यावर हे ज्ञान ज्याचे त्याने मिळवायचे असते. परिणामी बहुतेक ठिकाणी खरेदी ही ‘संपले की मागवा’ किंवा ‘योजना आली की घ्या’ या दोन रीतींनीच चालते.

या दोन्ही रीतींची किंमत शेवटी रुग्ण मोजतो. पहिल्या रीतीत तमकश्वासाच्या रुग्णाचा औषधक्रम ऐन पावसाळ्यात चार-आठ दिवस खंडित होतो. दुसऱ्या रीतीत औषध मिळते, पण ते हीनवीर्य झालेले असते. अपेक्षित उपशय न मिळाल्यास आपण निदानाचा पुनर्विचार करतो, मात्रा वाढवतो, कल्प बदलतो; बरणीतील चूर्ण कोणत्या महिन्यातले आहे हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो. म्हणूनच खरेदी आणि साठवण हे केवळ हिशेबाचे काम नसून चिकित्सेचेच अंग आहे, असे आमचे मत आहे. उद्योगक्षेत्रात या विषयाला खरेदी व पुरवठा साखळी व्यवस्थापन म्हणतात. त्यातील मूलतत्त्वे लहान चिकित्सालयाला कशी लागू पडतात, हे या लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

द्रव्याचे चार गुण, खरेदीचे चार प्रश्न

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, खुड्डाकचतुष्पाद अध्यायात, द्रव्याचे चार गुण सांगितले आहेत : बहुता, योग्यत्व, अनेकविधकल्पना आणि संपत्. खरेदीच्या दृष्टीने या चार गुणांकडे पाहिले तर चार प्रश्न आपोआप समोर येतात. बहुता म्हणजे द्रव्य पुरेसे आणि सातत्याने उपलब्ध आहे काय? योग्यत्व म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या व्याधींना ते खरोखर लागणारे आहे काय? अनेकविधकल्पना म्हणजे ते कोणत्या रूपात घ्यावे आणि ठेवावे? संपत् म्हणजे ते रसवीर्यादी गुणांनी परिपूर्ण आहे काय? आधुनिक पुरवठाशास्त्रात उपलब्धता, गरज, स्वरूप आणि गुणवत्ता या नावांनी याच प्रश्नांचा विचार होतो.

साखळी म्हणजे काय?

हिरड्याचे उदाहरण घेऊ. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व जुन्नर आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले या तालुक्यांच्या डोंगराळ भागात आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करतात. कोवळे फळ वाळवून बाळहिरडा होतो. पक्व, भरदार फळ सुरवारी हिरडा म्हणून विकले जाते. गोळा करणाऱ्याकडून माल गावातील वा बाजारच्या गावातील खरेदीदाराकडे जातो. त्याच्याकडून मोठ्या व्यापाऱ्याकडे, तेथून शहरातील काष्ठौषधींच्या पेढीवर, पुढे औषध-निर्मात्याकडे, मग वितरकाकडे आणि शेवटी आपल्याकडे येतो. महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळानेही या भागात बाळहिरड्याची खरेदी केलेली आहे. केंद्र शासनाने २०१३-१४ साली गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना सुरू केली, तिच्या पहिल्या यादीतही हिरडा होता.

या साखळीत तीन प्रवाह असतात. माल रानाकडून वैद्याकडे येतो. पैसा वैद्याकडून रानाकडे जातो. तिसरा प्रवाह माहितीचा. तो दोन्ही दिशांनी वाहावयास हवा. आपल्या व्यापारात नेमका हाच प्रवाह सर्वांत क्षीण आहे. फळ कोणत्या महिन्यात उतरवले, कोठे वाळवले, किती दिवस गोदामात होते, हे प्रत्येक हातबदलात थोडे थोडे गळत जाते आणि आपल्यापर्यंत फक्त ‘हिरडा, एक किलो’ एवढेच पोहोचते. उलट दिशेने, कोणत्या प्रतीचा माल हवा आणि त्यासाठी अधिक भाव देण्यास कोणी तयार आहे, हे गोळा करणाऱ्याला कधी कळतच नाही. प्रतीला भाव मिळत नसेल, तर प्रत राखण्याचे कष्ट त्याने का घ्यावेत?

पुरवठ्याचे मूळ किती नाजूक आहे तेही ध्यानात ठेवले पाहिजे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना २००० साली झाली. या मंडळासाठी झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील व्यापारात ९६० वनस्पती आढळल्या. त्यांतील १७८ वनस्पतींचा वार्षिक खप प्रत्येकी १०० टनांहून अधिक होता. या १७८ पैकी मुख्यतः लागवडीतून येणाऱ्या केवळ ३६ होत्या. ९१ वनस्पती जंगलांतून, ४६ रस्त्याकडेच्या व पडीक जमिनींवरून आणि ५ परदेशांतून येत होत्या. शेतातील पिकाचा अंदाज पेऱ्यावरून बांधता येतो. रानातील द्रव्याचा तसा बांधता येत नाही. शिवाय कुष्ठ, कुटकी व जटामांसी या वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्टांत आहेत, आणि गुग्गुळाचे झाड अतिसंकटग्रस्त गणले गेले आहे. या द्रव्यांच्या बाबतीत ‘बहुता’ गृहीत धरताच येत नाही. ती बाजारभावाहून फारच स्वस्त मिळू लागली, तर आनंद मानण्याआधी शंका घेणे इष्ट.

काय घ्यावे : दोन चाळण्या

सामान्य चिकित्सालयात शंभर-सव्वाशे कल्प असतात. सर्वांवर सारखे लक्ष ठेवणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. यासाठी दोन वर्गीकरणे उपयोगी पडतात.

पहिले ‘एबीसी’ वर्गीकरण. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन उद्योगातील एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ साली ते मांडले. वर्षभरात कोणत्या वस्तूवर किती पैसे खर्च झाले याची उतरत्या क्रमाने यादी केली, की थोड्याच वस्तूंवर बहुतांश खर्च होतो असे दिसते. त्या थोड्या वस्तू ‘ए’, मधल्या ‘बी’ आणि उरलेल्या पुष्कळ पण अल्पखर्चाच्या ‘सी’. आपल्याकडे सुवर्णकल्प, केशरयुक्त कल्प, काही घृते व गुग्गुळकल्प सहसा ‘ए’मध्ये येतील.

दुसरे वर्गीकरण किमतीवर नव्हे, निकडीवर आधारलेले आहे : प्राणरक्षक वा अत्यावश्यक, आवश्यक आणि इष्ट. रुग्णालयांत ते ‘व्हीईडी’ या नावाने वापरले जाते. एखादे चूर्ण अत्यंत स्वस्त, म्हणजे ‘सी’ वर्गातले असेल. परंतु आपल्या निम्म्या रुग्णांचा उपचार त्यावर चालत असेल, तर ते निकडीने पहिल्या वर्गात बसते आणि त्याची बरणी कधीही रिती होता कामा नये. याउलट एखादा महाग कल्प वर्षात दोनदाच लागत असेल, तर तो रुग्णासाठी नाव नोंदवून मागवावा. फळीवर ठेवू नये. दोन्ही चाळण्यांतून यादी काढली, की बारकाईने लक्ष देण्याजोगी द्रव्ये बहुधा वीस-पंचवीसच उरतात.

केव्हा घ्यावे : मागणीची पातळी

‘संपत आले की मागवू’ यातील ‘संपत आले’ म्हणजे नेमके किती, हे आकड्यात ठरवणे हे खरेदीचे पहिले शिस्तबद्ध पाऊल होय. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात : रोजचा खप, आणि मागणी नोंदवल्यापासून माल हाती येईपर्यंत लागणारे दिवस.

समजा, एका चिकित्सालयात अविपत्तिकर चूर्ण रोज सरासरी १०० ग्रॅम लागते. म्हणजे दिवसाकाठी ६ ग्रॅम घेणारे सोळा-सतरा रुग्ण एका वेळी उपचाराखाली आहेत. माल येण्यास सामान्यतः १० दिवस लागतात. सरासरीने १० दिवसांत १,००० ग्रॅम लागतील. पण काही वेळा माल १६ दिवसांनी येतो, आणि शरद ऋतूत पित्ताचा प्रकोप असताना खप रोज १३० ग्रॅमवर जातो. दोन्ही अडचणी एकदम आल्या तर १६ × १३० = २,०८० ग्रॅम लागतील. यांतून सरासरीचे १,००० ग्रॅम वजा केले, की १,०८० ग्रॅम हा राखीव साठा झाला. म्हणून बरणीत २ किलो ८० ग्रॅम, व्यवहारात सुमारे दोन किलो, उरले की त्याच दिवशी मागणी नोंदवावी. या पातळीची खूण बरणीवर रंगाच्या पट्टीने करून ठेवली, तर ही गोष्ट मदतनीसालाही सांभाळता येते.

राखीव साठा हा अनिश्चिततेचा दंड आहे हे येथे लक्षात येईल. पुरवठादार ठरल्या दिवशी माल पाठवणारा असेल, तर राखीव साठा कमी पुरतो आणि द्रव्य ताजे राहते. म्हणूनच किलोमागे पाच रुपये अधिक घेणारा, पण वक्तशीर पुरवठादार अनेकदा अंती स्वस्त पडतो.

किती घ्यावे : भाव नव्हे, वीर्यकाल

एका वेळी किती मागवावे याचे प्रसिद्ध गणित फोर्ड डब्ल्यू. हॅरिस यांनी १९१३ साली मांडले. थोडे थोडे मागवले तर दर खेपेचा वाहतूक व मागणीखर्च वाढतो. एकदम पुष्कळ मागवले तर साठवणुकीचा आणि अडकलेल्या भांडवलाचा खर्च वाढतो. या दोहोंचा तोल जेथे साधतो ते किफायतशीर प्रमाण, असे त्याचे सार आहे. खिळे-स्क्रूंच्या कारखान्याला हे पुरते. औषधी द्रव्याला मात्र आणखी एक मर्यादा आहे, आणि ती आपल्या ग्रंथांनी फार पूर्वीच घालून दिलेली आहे.

शार्ङ्गधरसंहितेनुसार चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, गुटिका व अवलेह एका वर्षानंतर. वनस्पती द्रव्येही वर्षानंतर गुणहीन होतात. घृत-तैलांच्या कालमर्यादेच्या अर्थाविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. आसव, धातू व रसकल्प मात्र जुने झाल्याने अधिक गुणवान मानले आहेत. विडंग, पिंपळी, गूळ, धान्य, तूप व मध ही द्रव्ये जुनी घ्यावीत. तर गुळवेल, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा इत्यादी नेहमी आर्द्र वापरावीत, असेही तेथे सांगितले आहे. आयुर्वेदीय औषधांच्या वेष्टनावर मुदतीची तारीख छापणे २०१० पासून बंधनकारक झाले. ही कायदेशीर मुदत शार्ङ्गधराने चूर्णासाठी दिलेल्या मर्यादेहून पुष्कळच मोठी असते. आधुनिक वेष्टनामुळे टिकाऊपणा काही अंशी वाढतो हे मान्य केले, तरी डबा एकदा उघडला की ते संरक्षण संपते. म्हणून छापील मुदत ही ‘याउपर वापरू नये’ अशी बाह्य सीमा समजावी. ‘तोवर साठवून ठेवावे’ अशी शिफारस समजू नये.

वरच्याच उदाहरणात रोज १०० ग्रॅम खपाने दोन महिन्यांना सुमारे ६ किलो लागतात. मागणीच्या पातळीनंतर १० दिवसांनी माल येईल तेव्हा बरणीत साधारण १ किलो शिल्लक असेल. म्हणजे एका खेपेस ५ किलोंहून अधिक मागवण्याचे कारण नाही.

आता ‘दहावर दोन मोफत’ या परिचित योजनेचा विचार करू. समजा एका चूर्णाचा मासिक खप १ किलो व भाव किलोस ६०० रुपये आहे. योजनेत १२ किलो ६,००० रुपयांना मिळते. एरवी ७,२०० लागले असते. वरवर पाहता १,२०० रुपये वाचले. पण हा माल वर्षभर पुरणार. दोन महिन्यांत त्यांतील २ किलो संपेल, आणि उरलेले १० किलो ग्रंथोक्त मर्यादेच्या पलीकडे वापरले जाईल. म्हणजे मोफत मिळाले दोन किलो, आणि त्यापायी हीनवीर्य झाले दहा किलो. हीच योजना एखाद्या आसवारिष्टावर असेल आणि छापील मुदत पुरेशी असेल, तर ती निःशंक घ्यावी. योजना चांगली की वाईट हे टक्क्यांवर ठरत नाही. ते कल्पाच्या जातीवर ठरते.

कोणत्या रूपात घ्यावे

पुरवठाशास्त्रात एक तत्त्व आहे : वस्तूला अंतिम रूप शक्य तितक्या उशिरा द्यावे. कापड न रंगवता ठेवून मागणी येईल तसे रंगवणारे उद्योग हेच करतात. वनस्पती द्रव्याला वर्षाची आणि चूर्णाला दोन महिन्यांची मर्यादा सांगून शार्ङ्गधराने हेच तत्त्व वेगळ्या शब्दांत आपल्या हाती दिले आहे. सबंध द्रव्याचे वीर्य त्याच्या सालीत, कवचात सुरक्षित असते. कुटले की हवा, ओलावा व प्रकाश यांना वाट मिळते.

म्हणून जे वैद्य स्वतःच्या रुग्णांसाठी चूर्णे व क्वाथाची भरड करतात, त्यांनी हिरडा, बेहडा, सुंठ, ज्येष्ठमध यांसारखी द्रव्ये ऋतुकाळी सबंध घ्यावीत आणि दर पंधरा दिवसांनी वा महिन्याने गरजेपुरतीच कुटावीत. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी केलेल्या औषधनिर्मितीला परवान्यातून सूट आहे. मात्र तीच औषधे अन्य दुकानांतून विकणे या सवलतीत बसत नाही. सबंध घेण्याचा आणखी एक लाभ असा, की सबंध द्रव्य डोळ्यांनी, नाकाने व जिभेने ओळखता येते. चूर्णाची ओळख पटवण्यास सूक्ष्मदर्शक व प्रयोगशाळा लागते.

कोणाकडून आणि कोणत्या भावाने

भाव म्हणजे पावतीवरील आकडा नव्हे; वापरण्याजोग्या एक किलो द्रव्यास प्रत्यक्ष पडलेली किंमत म्हणजे खरा भाव. समजा एक व्यापारी ३०० रुपये किलोने देतो आणि निवडून-वाळवून ४ टक्के घट येते. दुसरा २६० रुपयांनी देतो. पण माती, काड्या व ओलावा मिळून घट २० टक्के आहे. पहिल्याचा खरा भाव ३१२ रुपये ५० पैसे, तर दुसऱ्याचा ३२५ रुपये. ही तपासणी कोणासही करता येते. प्रत्येक खेपेतील १०० ग्रॅम नमुना तोलावा, निवडावा, वाळवून पुन्हा तोलावा आणि घट नोंदवावी. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियामध्ये विजातीय द्रव्य, भस्मप्रमाण, जलविद्राव्य व मद्यविद्राव्य सार यांच्या मर्यादा द्रव्यनिहाय दिलेल्या आहेत. मोठी खरेदी असेल तेव्हा या कसोट्यांचा प्रयोगशाळेचा दाखला मागणे हा आपला हक्क आहे.

घटीपेक्षा गंभीर प्रश्न ओळखीचा. मराठीत रस्त्याकडेच्या उंच, खांबासारख्या झाडालाही आपण अशोकच म्हणतो. परंतु प्रदरात उपयुक्त अशोक म्हणजे सीता-अशोक. त्याची साल दुर्मीळ होत चालल्याने पहिल्याची साल त्या नावाने बाजारात येते. नागकेशर मागितल्यास आपल्याकडे अनेकदा सुरंगीच्या कळ्या मिळतात. यात प्रत्येक वेळी फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही. पुष्कळदा एकाच लोकनामाखाली दोन द्रव्ये वावरत असतात. म्हणून मागणीपत्रात केवळ लोकनाम न लिहिता संस्कृत नाव, लॅटिन नावाचा देवनागरी उच्चार, उपयुक्तांग आणि हवी असलेली प्रत, हे चारही लिहावे. ‘अशोक, ५ किलो’ असे न लिहिता ‘सीता-अशोक, सराका असोका, खोडाची साल, चालू हंगाम, ५ किलो’ असे लिहिले, की वाद उद्भवल्यास आपली बाजू लेखी राहते.

पुरवठादार निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. तो मालाचा प्रदेश व हंगाम सांगू शकतो काय? अश्वगंधा मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागातून येते हे अनेकांना ठाऊक असते. हातातील माल कोणत्या हंगामाचा आहे, हे सांगणारे थोडे.

२. नमुना व प्रत्यक्ष खेप यांत तफावत आल्यास माल परत घेतो काय?

३. तयार औषधावर परवाना क्रमांक, घटकांची यादी, बॅच क्रमांक, उत्पादन व मुदतीची तारीख स्पष्ट आहे काय? मुदतीचा बराच काळ उलटून गेलेला माल तो माथी मारत नाही ना?

४. ठरल्या दिवशी माल देतो काय?

यासोबत आपलेही एक कर्तव्य आहे, ते वेळेवर पैसे देण्याचे. तीन-तीन महिने उधारी थकवणाऱ्या ग्राहकाला व्यापारी उत्तम प्रत देत नाही. उधारीचे व्याज तो भावातून वा प्रतीतून वसूल करतो. महत्त्वाच्या द्रव्यांसाठी एक मुख्य व एक पर्यायी असे दोन पुरवठादार असावेत. दर खेपेस भावासाठी नवा व्यापारी शोधणे हे मात्र अंती तोट्याचे ठरते.

चाबकाची लाट

पुरवठाशास्त्रात ‘बुलव्हिप’ नावाची एक घटना सांगितली जाते. चाबकाची मूठ थोडी हलली तरी टोकाला मोठा हेलकावा बसतो, तसे ग्राहकाच्या मागणीतील लहान वाढीने साखळीच्या मुळाशी मोठी उलथापालथ होते. रुग्णांची मागणी वीस टक्क्यांनी वाढली, की टंचाईच्या भीतीने वैद्य दुप्पट मागवतो. त्या दुप्पट मागणीवरून दुकानदार तिप्पट मागवतो, आणि रानात अपक्व वेलही कापली जाऊ लागते.

२०२० मधील महासाथीच्या काळात गुळवेलीबाबत हेच अनुभवास आले. मार्चअखेरच्या टाळेबंदीने वाहतूक थांबली आणि त्याच सुमारास मागणी एकाएकी वाढली. पुढे २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांतील यकृतविकाराचे वृत्त प्रसिद्ध केले आणि त्यावर बराच वाद झाला. औषधात टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच वापरावी, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा वापरू नये, अशी सूचना आयुष मंत्रालयाने दिली. त्या रुग्णांच्या कारणमीमांसेत आम्ही येथे शिरत नाही. खरेदी करणाऱ्याने घ्यावयाचा बोध एवढाच की, ज्या द्रव्याची मागणी एकाएकी वाढते त्याची ओळख त्याच काळात सर्वाधिक काटेकोरपणे तपासावी. कारण नवे, अननुभवी हात त्याच वेळी साखळीत शिरतात. टंचाईच्या बातमीने दुप्पट मागणी नोंदवू नये. प्रत्यक्ष खपाच्या नोंदीवरूनच ती नोंदवावी. आणि गुळवेल तर आर्द्र वापरावयाची आहे; ती अंगणातील कुंपणावर सहज वाढते. सर्वांत छोटी पुरवठा साखळी आपल्या दारातच असू शकते.

साठवण आणि नोंद

चरकसंहितेच्या कल्पस्थानात पहिल्याच अध्यायात द्रव्यसंग्रहाचा विचार आहे. फांद्या व पाने वर्षा-वसंतात, मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात, फुले-फळे आपापल्या ऋतूत घ्यावीत, असे तेथे सांगितले आहे. खरेदीचे वार्षिक वेळापत्रक यावरूनच आखता येते. भेषजागाराचे दार पूर्वेस वा उत्तरेस असावे. तेथे अग्नी, पाणी, ओलावा, धूर, धूळ, उंदीर व जनावरे पोहोचू नयेत. द्रव्ये नीट झाकून शिंक्यांवर टांगावीत, असा निर्देश आहे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावीत, भिंतीपासून अंतर राखावे, बरण्या घट्ट झाकणाच्या असाव्यात आणि कोकणासारख्या दमट भागात पावसाळ्याचा साठा मुद्दाम कमी ठेवावा.

नवा माल नेहमी मागे आणि जुना पुढे ठेवावा. बरणीत उरलेल्या चूर्णावर नवे चूर्ण ओतण्याची सवय सर्वथा सोडावी. तसे केले की तळाचे चूर्ण वर्षानुवर्षे तेथेच राहते आणि कोणत्याही मिश्रणाचे वय सांगता येत नाही.

नोंदवहीत प्रत्येक खेपेची तारीख, पुरवठादार, बॅच क्रमांक, उत्पादन दिनांक, वजन, भाव, तपासणीत आलेली घट आणि माल संपल्याची तारीख, एवढे रकाने पुरेत. महत्त्वाच्या कल्पांचा बॅच क्रमांक रुग्णपत्रिकेवरही लिहावा. एखाद्या रुग्णास अनपेक्षित त्रास झाला किंवा अनेकांना एकाच वेळी गुण येईनासा झाला, तर दोष निदानाचा, पथ्याचा की त्या खेपेचा, हे या नोंदीवरूनच शोधता येते. नोंद नसेल तर सर्व शंका शास्त्रावर येते, आणि शास्त्राच्या बाजूने बोलण्यास आपल्या हाती काहीच नसते.

संघटित खरेदी

एकट्या वैद्याच्या पाच किलोंसाठी कोणी व्यापारी प्रदेश व हंगामाचा दाखला देणार नाही. पण एका तालुक्यातील वीस वैद्यांनी आपली वार्षिक गरज एकत्र केली, तर ती शंभर-दोनशे किलोंची होते, आणि तेवढ्यासाठी प्रयोगशाळेची चाचणी परवडते, थेट शेतकरी गटाशी वा ग्रामसभेशी बोलता येते. वनहक्क अधिनियम, २००६ ने वननिवासी समाजाला गौण वनोपजांवर मालकीचा, ती गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क दिला आहे. योग्य वेळी, योग्य रीतीने काढलेल्या द्रव्यास थोडा अधिक भाव देणारा ग्राहक समोर आला, तर झाड ओरबाडण्याऐवजी राखण्यास गोळा करणाऱ्यालाही कारण मिळते. बहुता टिकवण्याचा याहून खात्रीचा मार्ग आम्हांस दिसत नाही.

आमची सर्व वैद्यबंधुभगिनींना विनंती अशी की, सुरुवात मोठ्या यंत्रणेने करू नये. आपल्या चिकित्सालयातील सर्वाधिक निकडीची दहा द्रव्ये निवडावीत. तीन महिने त्यांचा रोजचा खप व माल येण्यास लागलेले दिवस लिहून ठेवावेत. त्यावरून मागणीची पातळी आणि कमाल साठा काढून बरण्यांवर खुणा कराव्यात. ज्या शाखांना शक्य असेल, त्यांनी सदस्यांच्या याद्या वर्षा ऋतू संपण्यापूर्वी एकत्र कराव्यात, म्हणजे शरदात निघणारी साल व कंद आणि त्यापुढील हंगामातील मुळे यांची मागणी वेळेत नोंदवता येईल.